काट्याच्या एसडीकेबद्दल तक्रार – पायथॉन परत टाकून हे सुटणार नाही

सपोर्ट टीमला नमस्कार,

सांगली मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याचं तोलाईचं सॉफ्टवेअर मी बघतो. त्यांनी माझ्याच सांगण्यावरून तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि वर लिनक्सच्या एसडीकेचे (काटा आपल्या प्रोग्रॅमला जोडायच्या सॉफ्टवेअर किटचे) १८ हजार वेगळे भरले. त्या एसडीकेने माझे ९ दिवस खाल्ले. तिकिटावर तीनदा लिहून झालं, दरवेळी नवीन माणूस येतो आणि पायथॉन काढून परत टाका म्हणतो. टाकलं हो, दोनदा टाकलं.

तुम्ही देता काय तर सी प्लस प्लसची तयार एसओ फाईल (कंपाईल केलेली लायब्ररी), हेडर (तिच्यातल्या फंक्शनची यादी) आणि स्विगची आय फाईल (ती फंक्शन पायथॉनला कशी द्यायची त्या सूचना). स्विग हे टूल चालवून पायथॉन आणि तुमची लायब्ररी जोडणारा रॅपर आम्ही बनवायचा. पहिल्यांदा रॅपरच्या एसओच्या नावाआधी अंडरस्कोर द्यायला मी विसरलो, ती माझी चूक, १० मिनिटांत सुटली. त्यानंतर मात्र कंपाईल लिंक सगळं बिनबोभाट व्हायचं आणि इम्पोर्ट केलं की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल', आणि पुढे हातभर लांब अगम्य नाव. शेवटी एनएम या टूलने तुमच्या फाईलमधले सिम्बॉल (फंक्शनची आतली नावं) काढून माझ्या रॅपरच्या शेजारी ठेवून बघितले तर फंक्शन तेच, फक्त तुमच्याकडे जुनी एसटीडी स्ट्रिंग (मजकूर ठेवायचा प्रकार) आणि माझा रॅपर मागतोय सीएक्सएक्स११ वाली. जीसीसी कंपायलरच्या ५ व्या आवृत्तीने २०१५ मधे स्ट्रिंगची एबीआय (कंपाईल झालेल्या कोडमधली मांडणी आणि नावं) बदलली, तुमची लायब्ररी अजून जुन्याच पद्धतीने बिल्ड होते आणि माझ्या उबुंटू २२.०४ वर नवीन डिफॉल्ट आहे, मग जुळणार कसं? यूज सीएक्सएक्स११ एबीआयचा मॅक्रो (कंपाईल करतानाची सेटिंग) शून्य करून रॅपर परत कंपाईल केला आणि इम्पोर्ट झालं. एका ओळीचं काम होतं, ती ओळ रीडमीमधे टाकायला काय जात होतं?

पण खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. प्रोग्रॅम मेमरी खातो. तुमचं रीडिंगचं फंक्शन दरवेळी १०२४ बाइटचा नवा बफर (मेमरीचा तुकडा) देतं (हे तुमच्याच मॅन्युअलमधे आहे), स्विग त्याची कॉपी करून पायथॉनला देतो आणि मूळ बफर तसाच पडून राहतो, कारण आय फाईलमधे न्यूऑब्जेक्ट (कॉपी झाली की मूळ बफर सोडून दे, ही स्विगला सूचना) लिहिलेलंच नाही. सेकंदाला १० रीडिंग, १० तासांचा दिवस, म्हणजे रोज ३५० एमबी पाण्यात, आणि तिथला पीसी २ जीबीचा. तिसऱ्या दिवशी भर सौद्यात मशीन अडकलं, काट्यावर नवीन पोतं आणि स्क्रीनवर मागच्याचंच वजन. हमालाच्या लक्षात आलं म्हणून, नाहीतर शेतकऱ्याची पावती चुकीची फाटली असती. आता रोज जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रॅम बंद करून चालू करतो.

न्यूऑब्जेक्ट मीच टाकलं असतं, पण सी प्लस प्लस मोडमधे स्विग तो बफर डिलीटने सोडतो, आणि डिलीट फक्त न्यूने घेतलेल्या मेमरीला चालतं. तुम्ही आत मेमरी घ्यायला मॅलॉक वापरलंय की न्यू ते मला दिसत नाही, सोर्स तुमच्याकडे आहे. अंदाजाने टाकून क्रॅश कोण घेणार अंगावर?

तर आय फाईल दुरुस्त करून द्या, लायब्ररी नवीन एबीआयने बिल्ड करून द्या, आणि १५ दिवसांत जमत नसेल तर एसडीकेचे पैसे अडत्याच्या खात्यावर परत करा. एनएमचं आउटपुट आणि मेमरीचा लॉग सोबत जोडलाय, उत्तर देण्याआधी तो ज्याने लायब्ररी बिल्ड केली त्याला दाखवा. फोन करायचा तर संध्याकाळी ६ नंतर करा, दिवसा यार्डातल्या गलक्यात काही ऐकू येत नाही.