नाथांच्या वाड्यापासून गंगेपर्यंत : पैठणच्या जुन्या गावासाठी आवाहन

समस्त पैठणकर, नोकरीधंद्यासाठी बाहेरगावी गेलेले आमचे गाववाले आणि नाथषष्ठीला पायी येणारे वारकरी, सर्वांना नमस्कार.

तुकाराम बीजेच्या दिवशी गावातल्या नाथ मंदिरातल्या, म्हणजे संत एकनाथांच्या वाड्यातल्या, रांजणाची पूजा होते आणि तो भरायला सुरुवात होते. ज्याला जमेल तो गोदावरीचं पाणी आणतो आणि रांजणात ओततो. तो कुणाच्या घागरीनं भरून वाहील हे आधी सांगता येत नाही. ज्या घागरीनं वाहिला ती श्रीखंड्याची, म्हणजे साक्षात देवाची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नाथांच्या घरी श्रीखंड्या बनून देव बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, ते याच रांजणात.

ते पाणी ज्या वाटेनं आलं, त्या वाटेसाठी हे आवाहन आहे.

नाथांचा वाडा ते गोदावरीचा घाट. याच वाटेनं नाथ रोज गंगेवर स्नानाला जात. अंगावर थुंकणाऱ्यावर न चिडता पुन्हा पुन्हा नदीवर जाऊन आले, तेही इथंच. तापल्या वाळवंटात रडणारं लेकरू कडेवर घेऊन ते ज्या वस्तीत गेले, ती वस्तीही याच गावातली. महाराष्ट्रातलं शेंबडं पोरसुद्धा या गोष्टी सांगेल. पण त्या घडल्या ती वाट दाखव म्हटलं, तर पैठणमधलं पोरही आता अडखळतं.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका कुटुंबानं गाडी थांबवून आमच्यातल्या एकाला विचारलं, "काका, इथं पाहण्यासारखं काय आहे?" सोबत म्हातारी आई होती, दोन मुलं होती. त्यानं सवयीनं हात केला : नाथांची समाधी तिकडं, धरण तिकडं, उद्यान तिकडं. गाडी गेली. गावाकडं त्याचा हात वळलाच नाही. हे त्यानंच आम्हाला येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याला फार वाईट वाटत होतं. आमच्या बैठका सुरू झाल्या त्या तिथून.

पैठणला येणारा माणूस गावाबाहेरूनच परत जातो. समाधीचं दर्शन, नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, एक चक्कर, एखाद्या दुकानात पैठणीची किंमत, आणि संध्याकाळपर्यंत मुक्कामाला संभाजीनगर. वेरूळ-अजिंठ्यासाठी जगभरातून माणसं येतात आणि इथून 50 किलोमीटरवर राहतात. हिवाळ्यात नाथसागरावर रोहित पक्षी उतरतात म्हणून कॅमेरे घेऊन लोक पहाटे येतात. त्यांच्यातला एकही जुन्या गावात सकाळचा चहा घ्यायला शिरत नाही. शिरून करील काय? बसायला जागा नाही, बाईमाणसाला जायला धड स्वच्छतागृह नाही आणि कोणता वाडा कशाचा हे सांगणारी पाटी नाही.

आणि हे गाव तर प्रतिष्ठान आहे. सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत गुजरातमधल्या भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचं लिहिलं आहे, आणि इथून गाड्या भरभरून अकीक दगड तिकडं जात असे हेही. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं शुद्धिपत्रासाठी इथल्याच ब्रह्मवृंदापुढं उभी राहिली. रेड्यामुखी वेद बोलवल्याची कथा नागघाटाशी जोडलेली आहे. चक्रधरस्वामींचा वावर इथं होता. मुनिसुव्रतनाथांचं दर्शन घ्यायला दूरदूरचे जैन बांधव येतात, मौलाना साहेबांच्या दर्ग्यात सगळ्या जातीधर्माची माणसं माथा टेकतात. एवढं सगळं पायी फिरण्याच्या टप्प्यात असलेली गावं मराठवाड्यात किती आहेत?

आता थोडं घरांबद्दल, कारण खरा प्रश्न तिथं आहे.

या भागातली जुनी घरं माळवदाची. सागाच्या तुळया, त्यांवर लहान लाकडं, त्यावर पाला आणि चिखल, सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरलं की अंगाला गारवा लागतो. पण माळवद दरवर्षी हात मागतं. मृगाच्या आधी वर चढून माती चाळायची, नवा थर द्यायचा, पन्हाळी मोकळ्या करायच्या. घरात कर्ती माणसं होती तोवर हे झालं. पोरं पुण्याला गेली, माळवदावर गवत उगवलं.

आम्ही या वाटेवरच्या एका वाड्यात गेलो होतो. आजी एकट्याच राहतात. ओसरीवर परात, पातेलं, बादली अशी भांडी ओळीनं मांडलेली, प्रत्येकाची जागा ठरलेली, कारण कुठं गळतं हे त्यांना तोंडपाठ आहे. सोबतच्या गवंड्यानं शिडी लावली आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक बोटानं दाबलं. भुगा खाली पडला. तुळई मधोमध ठणठणीत, अजून शंभर वर्षं हलणार नाही, पण भिंतीत मुरलेल्या पाण्यानं टोक खाल्लेलं. त्यात कुणीतरी कधीतरी भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर निघून जाते, सिमेंटमागं ती कोंडते. मग विटांना लोणा लागतो आणि प्लास्टर पापुद्र्यांसारखं सुटतं. आजी म्हणाल्या, "मी आहे तोवर राहू द्या, मग पाडा." हे ऐकून आम्ही मान खाली घालून बाहेर आलो.

बाहेर आल्यावर पायरीकडं लक्ष गेलं. त्या वाड्याला रस्त्यावरून चढायला तीन पायऱ्या होत्या, आता एकच उरली आहे. जुना रस्ता न उकरता दर वेळी त्याच्यावर नवा थर पडत गेला, रस्ता वर आला आणि घर खाली गेलं. मोठ्या पावसात गल्लीतलं पाणी थेट ढेलजेत शिरतं. 2006 च्या महापुरात धरणातून सोडलेलं पाणी गावात आलं तेव्हाचे हाल आपण सगळ्यांनी भोगले आहेत. तो पूर रोज येत नाही. हे रस्त्याचं पाणी मात्र दर पावसाळ्यात येतं आणि भिंतींचा पाया खातं.

वाडा पडला की काय होतं हेही आपण पाहतो. जुन्या लाकडाचे व्यापारी टेम्पो घेऊन येतात. नक्षीचे खांब, कडीकोयंड्याचं दार, देवळीची चौकट, सगळं वजनावर किंवा नगावर जातं आणि कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या हॉटेलाच्या भिंतीवर लटकतं. घरमालकाला दोष देत नाही. त्याला त्या वेळी पैशांची गरज असते आणि दुसरं कुणी दारात आलेलं नसतं. यापुढं आपण दारात जायचं ठरवलं आहे.

आमचं म्हणणं एकच आहे. जुनं गाव पाहुण्यांसाठी सजवायचं नाही, आधी राहणाऱ्यांसाठी राहण्याजोगं करायचं. घरात दिवा लागला, ओसरीवर माणसं बसली, तर पाहुणा आपण होऊन आत येईल. माणसं निघून गेलेल्या वाड्याला कितीही रंग दिला तरी तिथं कुणी दुसऱ्यांदा येत नाही. म्हणून एकदम सगळं गाव हाती घ्यायचं नाही. पहिल्या टप्प्यात फक्त ही एक वाट.

या वाटेवरचे जे सहा वाडे येत्या मृगाच्या आत दुरुस्त झाले नाहीत तर पडतील, त्यांची माळवदं आणि तुळयांची टोकं आधी. काम चुन्यात आणि मातीत होईल. माळवद घालणारे जुने हात गावात आणि आसपासच्या खेड्यांत अजून आहेत, पण सगळे साठीच्या पुढचे. प्रत्येकाच्या हाताखाली दोन तरुण पोरं रोजंदारीवर ठेवायची, म्हणजे कामही होईल आणि विद्याही राहील. लागणाऱ्या पांढऱ्या मातीबद्दल मात्र एक कळकळीची विनंती आहे. गावाकडच्या पांढरीच्या टेकाडांवरून ती कुणीही उकरून आणू नये. त्या टेकाडांत सातवाहनांचं गाव झोपलेलं आहे. 1937 साली निजामाच्या राजवटीत इथं उत्खनन झालं, त्यानंतरही झालं, तरी पोटात अजून फार आहे. पावसानंतर मणी, नाणी, खापरं वर येतात, ती विकली जातात. बाळासाहेब पाटलांनी अशाच वस्तू आयुष्यभर जमवल्या म्हणून आज गावात संग्रहालय आहे. तुमच्या हाती काही लागलं तर तिथं दाखवा.

दुसरं काम पायाखालचं. जुने थर उकरून रस्ता मूळ पातळीला नेणं, मग नाली, मग दगडी फरसबंदी. यासाठी परवानगी आणि मोठा निधी सरकारी यंत्रणेकडूनच यावा लागेल, त्याचा पाठपुरावा आम्ही करतो आहोत. लोकवर्गणीतून आम्ही घाटाजवळ बायांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चार बाक एवढंच करणार आहोत. षष्ठीला लाखो माणसं येतात, त्यातल्या बायाबापड्यांचे हाल पाहवत नाहीत. आमच्या मते याच्याइतकं तातडीचं काम दुसरं नाही.

पैठणीचं सांगायला हवं. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव आपल्या गावाचं. पण पाहुण्याला माग दिसतो कुठं? दुकानात घडी केलेली साडी दिसते, आणि यंत्रावरची स्वस्त साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारली जाते. आमची इच्छा आहे की दुरुस्त झालेल्या एका वाड्याच्या ओसरीवर दोन माग लागावेत. पदरावरच्या एका मोराच्या पिसाऱ्यासाठी रंगीत धाग्यांच्या किती लहान लहान तिल्ल्या (कांड्या) हातानं फिरवाव्या लागतात, एक वीत पदर विणायला किती दिवस जातात, हे समोर बसून पाहिलं की माणूस किंमतीवरून घासाघीस करत नाही. शेजारच्या वाड्यात बचत गटाच्या बायांनी जेवण द्यावं : ज्वारीची भाकरी, येसर आमटी, धपाटे, शेंगदाण्याची चटणी. ज्यांच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी पाहुणे ठेवावेत. मिळणारा पैसा थेट त्या घरात राहावा, कारण पुढच्या वर्षीचं माळवद त्यातूनच होणार आहे. भाजीवाल्या, बांगडीवाले, चहाची टपरी, यातलं कुणीही या कामासाठी उठवलं जाणार नाही. हे आम्ही लेखी दिलेलं आहे.

यासाठी तुमच्याकडून काय हवं?

पहिल्या टप्प्याला 12 लाख रुपये लागतील असा आमचा अंदाज आहे. प्रत्येक पैठणकर घरानं किमान 500 रुपये द्यावेत ही विनंती. ज्यांना एका खणाच्या, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागाच्या, माळवदाचा खर्च उचलायचा आहे त्यांचं स्वागत आहे, तो खण कुणाच्या घरातला हे त्यांना दाखवू, पण भिंतीवर नावाची पाटी लागणार नाही. प्रत्येक रुपयाची पावती मिळेल आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमाखर्च फलकावर लिहिला जाईल.

पैसे नसतील तर लाकूड द्या. घर पाडत असाल तर व्यापाऱ्याला बोलावण्याआधी आम्हाला सांगा. तुमच्या पडक्या वाड्याची एक चांगली तुळई दुसऱ्याचं घर उभं ठेवू शकते. रास्त भाव आम्ही देऊ. लाकूड नसेल तर रविवारची सकाळ द्या, माती चाळायला आणि विटा उचलायला माणसं कमी पडतात. कॉलेजातल्या मुलामुलींनी पाहुण्यांना ही वाट फिरवून दाखवायला पुढं यावं, त्यासाठी गावातली जाणती मंडळी त्यांना शिकवणार आहेत. वाटाड्याचं मानधन ठरलेलं असेल, दक्षिणा मागायची नाही.

कुलूप लावून गेलेल्या घरमालकांना वेगळं सांगतो. भावाभावांतल्या वाटणीमुळं कितीतरी वाडे अडकले आहेत, हे आम्हाला माहीत आहे. वाटणी होईल तेव्हा होवो. तोवर माळवदावर चढायची परवानगी तेवढी द्या. तुमच्या हक्काला धक्का लागणार नाही असा साधा करार वकिलाकडून करून ठेवला आहे. तुमच्या बंद घराचं पाणी शेजारच्या भिंतीत उतरतं आणि त्या भिंतीपलीकडं कुणीतरी राहतं आहे.

दर रविवारी सकाळी 8 ते 11 गावातल्या नाथ मंदिराकडं जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आमचं टेबल असतं. पावतीपुस्तक, यूपीआयचा फलक आणि सहा वाड्यांचे नकाशे तिथं आहेत. बाहेरगावच्या मंडळींनी आपल्या इथल्या नातेवाइकाकरवी वर्गणी पोचवावी किंवा गावाला आल्यावर स्वतः यावं. घरातल्या जुन्या पेटीत धरणाच्या आधीचा, म्हणजे 1976 पूर्वीचा, घाटाचा किंवा गल्लीचा एखादा फोटो सापडला तर तोही आणा. जागेवरच त्याची प्रत काढून मूळ फोटो तुमच्या हातात परत देऊ. त्या फोटोंवरूनच पायऱ्या किती होत्या हे मोजायचं आहे.

आपले,
जुन्या गावातील रहिवासी, पैठण