गरीब घोडा, चालू स्थितीत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : १,४९९ रुपये घेऊन माझ्या घोड्याच्या जाहिरातीची वाट लावल्याबद्दल

महोदय,

आज सकाळी तुमच्या कस्टमर केअरला पाचवा फोन केला. बावीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि कट केला. म्हणून आता लेखी.

मी दिलेला मजकूर : "गरीब, शिकवलेला मारवाडी घोडा. रंग कुम्मैत, वय ७ वर्षे, उंची ६० इंच, रेवाल चाल. किंमत १ लाख ४० हजार."

तुमच्या ॲपवर आलं ते : "गरीब मालकाचा मारवाडी घोडा. चालू स्थितीत. तातडीने विकणे."

'तातडीने' हा शब्द कुणाच्या खिशातून आला ते कळवावं. मला घाई नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी रिकिबीत पाय घालायचा नाही म्हणून बजावलंय, आणि असं जनावर दावणीला नुसतं उभं ठेवणं बरं नाही, म्हणून विकतोय.

तिसऱ्या फोनवरच्या मुलाचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण तुम्ही म्हणे कॉल रेकॉर्ड करता. तो म्हणाला, "सर, जनावर गरीब नसतं, म्हणून टीमने करेक्शन केलं." मी म्हटलं, बाळा, गरीब म्हणजे मारका नाही, चावरा नाही. नातू पोटाखालून गेला तरी पाय हलवत नाही. डीजे वाजो, उसाचा ट्रॅक्टर अंगावरून जावो, कान टवकारतो आणि उभा राहतो. बालाघाटच्या डोंगरवाटेला लगाम सैल सोडला तरी पाय बघून टाकतो. तुमच्याकडे गाईला गरीब म्हणत नाहीत का? त्यावर शांतपणे उत्तर : "म्हणजे सर, मालक गरीब नाहीत? मग प्रोफाइलमध्ये तुमचं वार्षिक उत्पन्न अपडेट करा."

घोडा विकायला मी माझं उत्पन्न सांगू?

तरी राग गिळून चालीचं विचारलं. तर म्हणे, "सगळेच घोडे चालतात ना सर? ट्रॅक्टरलापण आम्ही चालू स्थितीत असंच टाकतो." साहेब, रेवाल चालीत चारही टापा वेगवेगळ्या पडतात, पाठ हलत नाही, स्वार खोगिरावरून उसळत नाही. दुडक्या चालीच्या घोड्यावर दोन कोसात कंबर धरते. याच्यावर मी या वयात अर्धा दिवस बसलोय. किंमत त्या चालीची आहे. ती तुम्ही खोडली. जनावरांच्या खरेदी-विक्रीचं ॲप काढणाऱ्याला हे मी सांगायचं?

परिणाम ऐका. २५ हजारांच्या वर कुणी बोलेना, कारण मालक 'गरीब' आणि 'तातडी'त. लोक भाव करत नाहीत, दया दाखवतात. परवा माझ्या इवायांचा फोन आला, "अडचण होती तर आम्हाला सांगायचं होतं की." लेक दिलेल्या घरी माझी ही इज्जत. तिचं भरपाईचं कलम तुमच्या नियम व अटींत सापडलं नाही.

आणि यंदा तुमच्या "३० दिवसांत विक्री"वर विसंबून मी घोडा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला नेला नाही. अहमदपूरहून तासाभराची वाट. तिथं माणूस दात बघतो, टाप उचलून बघतो, एक फेरी मारतो, चाल त्याच्या कंबरेला कळते. मालकाचं उत्पन्न कुणी विचारत नाही. ती यात्रा आता पुढच्या मार्गशीर्षात. तोवरचा चारा-खुराक तुमची टीम घालणार का?

आठ दिवसांत जाहिरात काढा, १,४९९ रुपये परत करा आणि माफीचं पत्र पाठवा, इवायांना दाखवता येईल असं. नाहीतर लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. तुमचं ऑफिस कुठंही असो, २०१९च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. म्हणजे गरीब मालकालाही परवडतं.

पहिल्या वेळी तुमच्याच ॲपवरून म्हैस विकली होती, तीन दिवसांत. गावभर तुमचं नाव सांगत फिरलो होतो.

आपला,
एक ग्राहक, ता. अहमदपूर, जि. लातूर

ता. क. : हे लिहिताना एकाचा फोन आला. घोड्याच्या बदल्यात जुनी मोटरसायकल देतो म्हणाला. तीपण चालू स्थितीत आहे म्हणे.