पन्नास माणसांची आमटी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मीच ठेवला. हे एकदा कबूल केलं की पुढचं लिहिता येईल.

परदेशात स्वतःच्या कमाईचं घर घेतलंस, याचा आनंद आहेच. अख्ख्या सोसायटीत सांगून झालं. पण मधोमध सामाईक घर, संध्याकाळी तिथे सगळ्यांचं एकत्र जेवण, हे तू कौतुकाने सांगत होतीस आणि मला आमच्या चाळीतला नळ दिसत होता. तिथून निघायला आम्हाला आठ वर्षं लागली. डोंबिवलीच्या ब्लॉकचं दार बाबा पहिल्या दिवशी उगीचच तीनदा उघडून लावत होते.

अशा एकत्र जेवणाच्या वसाहती डेन्मार्कमध्ये कशा सुरू झाल्या, ते तू पाठवलेलं सगळं वाचलं, बाबांनी मराठी करून दिलं. त्या गुडमन-हॉयर आर्किटेक्टने १९६४ साली कोपनहेगनजवळ १२ घरांचा बेत केला, तर शेजारपाजाऱ्यांनी मुलांचा गोंगाट होईल म्हणून मोडता घातला. भिंत उभी राहायच्या आधीच भांडण! मग १९७२ मध्ये हिलेरोडजवळ २७ घरांची वसाहत झाली एकदाची. आणि त्या बोडिल ग्रो बाई, १९६७ मध्ये पेपरात लिहितात की मुलांना १०० आईबाप असावेत. मला हसू आलं. तुला मजल्यावर वीस होते, आणि तुझ्या टाळूला तेल कमी पडतं म्हणून वीसही जण मलाच बोलायचे.

मान्य, तुमचं वेगळं आहे. प्रत्येकाला आपलं स्वयंपाकघर, आपला संडास, वाटलं तर जेवायला जायचं. आम्ही चाळ निवडली नव्हती, पागडीपुरते पैसे तेवढेच होते. पण भांडण झालं तर मनू? रोज तीच तोंडं बघायची.

म्हणून सांगते, पैशांचं सगळं लेखी ठेव. सामाईक खर्चात काय काय येतं, उद्या घर विकायचं झालं तर काय, नीट विचार. मीटिंगमध्ये पहिल्याच महिन्यात मत देऊ नकोस. अनिकेतला तर बोलूच देऊ नकोस. ईशूवरून कोणी काही बोललं तर लगेच... झालं, सुरू झालं माझं. चाळीस वर्षांच्या बाईला शिकवतेय. सोड.

कुसुमकाकू तुला आठवणार नाही. एका बादलीवरून आमचं बोलणं बंद झालं ते आठ महिने. गॅलरी केवढी, तीन फूट. समोरून आली की मी कठड्याकडे तोंड करायची. तुझ्या त्या तापात, बाबा सेकंड शिफ्टला, तू डोळे फिरवलेस आणि मी नुसती ओरडले. दारात पहिली तीच. तुला माझ्या हातातून ओढून घेतलं, मोरीत नेलं, अंगावर ओला पंचा टाकला. पहाटेपर्यंत बसून होती. उजाडल्यावर पंचा पिळून दोरीवर टाकला आणि गेली. तेव्हाही बोलली नाही हं माझ्याशी. मीही नाही बोलले.

डोंबिवलीत येऊन इतकी वर्षं झाली. बाबांना परवा चक्कर आली तेव्हा समोरच्यांचं नाव काय, हेच मला आठवेना. दारावरची पाटी वाचून हाक मारली. घाबरू नकोस, साखर कमी झाली होती, आता बरे आहेत. तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

पण भांडण झालं तर आधी मला फोन कर. मी ठेवणार नाही.

तुझी,
आई

ता.क. महिन्यातून एकदा पन्नास माणसांचा स्वयंपाक तुझ्याकडे येणार म्हणालीस. तुला चौघांच्या पोह्यांचा अंदाज येत नाही! आमटीला तूरडाळ दोन किलो पुरे. मिरची निम्मी घाल, आणि गूळ विसरू नकोस.