ते डाग नव्हेत, ऑपरेटरच्या खुणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला मुंबईच्या लिबर्टी टॉकीजवरचा लेख दोनदा वाचला. लेख चांगला आहे, पण दोन गोष्टी खटकल्या.

पहिली लहान. हबीब हुसेन यांनी हे थिएटर बांधलं, काम स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू झालं म्हणून नाव लिबर्टी, १९४९ साली मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’नं पडदा उघडला, हे सगळं लेखात आलंय. आतली सजावट ज्यांनी केली त्या वामन नामजोशींचं नाव मात्र नाही. जयपूरचं १९७६ सालचं राजमंदिरही त्यांचंच. मराठी वर्तमानपत्रानं नेमकं मराठी नाव गाळावं, म्हणजे कमाल झाली.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. लेखक म्हणतात, जुन्या सिनेमांत पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात मधूनच गोल डाग चमकायचे, फिल्म झिजल्यामुळे. साफ चूक! ते डाग आमच्यासाठी मुद्दाम टाकलेले असत.

मी १९७१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, सांगलीतल्या एका टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये हाताखालचा पोऱ्या म्हणून लागलो आणि ऑपरेटर म्हणून निवृत्त झालो. केबिनमध्ये मशिनं दोन. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालायचं. ते संपत आलं की नजर त्या कोपऱ्यावर ठेवायची. पहिली खूण दिसली की दुसऱ्या मशिनची मोटर चालू करायची, मग सात सेकंदांनी दुसरी खूण, की लगेच चेंजओव्हर, म्हणजे चित्र पहिल्या मशिनवरून दुसऱ्यावर. खूण पडद्यावर राहायची जेमतेम चार फ्रेम, सेकंदाचा सहावा हिस्सा. तेवढ्यात पापणी लवली तर पडदा पांढरा, आणि खाली स्टॉलमधून आमच्या आईबहिणीचा उद्धार. तीन तासांच्या सिनेमात असे सात-आठ बदल, दिवसाला चार खेळ. हिशेब करा. चुकला तो बदल लोकांच्या लक्षात राहायचा, बाकीचे कुणाला कळायचेही नाहीत.

उजेड कार्बनचा. दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवायची आणि कांड्या जळत जातील तशा पुढे सरकवत राहायच्या. अंतर वाढलं की चित्र काळवंडायचं. उन्हाळ्यात मॅटिनीला आम्ही बनियनवर, तेही पिळून काढण्यासारखं. पुढे झेनॉनचा दिवा आला आणि अंगावरची राख गेली. (माझी बायको आजही म्हणते, लग्नानंतरची पहिली दहा वर्षं तुमच्या शर्टाला जळका वास यायचा.) तीन तासांची फिल्म म्हणजे सोळा हजार फूट. उलगडून अंथरली तर सांगलीहून निघून मिरजेची निम्मी वाट होईल. कधी कधी ती खरोखरच त्या वाटेनं जायची. दोन्ही गावांत मिळून एकच प्रिंट असली की इथली रिळं संपतील तशी पोरगा सायकलवर पेटी लादून पळायचा. पंक्चर झालं की मिरजेचं इंटरव्हल लांबलंच.

लिबर्टी मी पाहिलीय. १९८६ साली मेहुण्याकडे गेलो होतो तेव्हा. बाल्कनीचं तिकीट काढलं. सगळे पुढं बघत होते, मी मान वळवून मागच्या भिंतीतल्या केबिनच्या झरोक्याकडे. खेळभर एकही बदल कळला नाही. खुणा दिसत होत्या म्हणूनच समजायचं. त्या माणसाला भेटावंसं फार वाटलं, पण डोअरकीपरनं वर सोडलं नाही. बरोबरच होतं त्याचं, आम्हीही कुणाला सोडत नव्हतो.

आमच्या टॉकीजमध्ये डिजिटल आलं आणि मशिनं कोपऱ्यात गेली. २०१९ च्या महापुरात स्टॉलच्या खुर्च्या पाण्यात होत्या, केबिन वर असल्यामुळे मशिनं कोरडी राहिली. पुढच्या वर्षी ती भंगारात गेली, किलोवर. मला कळलं तेव्हा टेम्पो निघून गेला होता. मालकांना दोष देत नाही, त्यांचं नुकसान मी बघितलंय.

आपल्या गावात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं, ते दर ५ नोव्हेंबरला आपण आठवतो. त्या खेळाला उजेड कुणी धरला असेल, ते कुणी विचारत नाही. सिनेमाचं तरी तसं होऊ नये. जिल्ह्यात कुठल्या बंद टॉकीजमध्ये अजून मशिन शिल्लक असेल, तर एक तरी भावे नाट्यमंदिराच्या आवारात मांडावं. मी फुकट साफ करून देईन, चालवूनही दाखवीन. आणि आपल्या पुरवणीनं पुढचा लेख केबिनवर काढावा. माझ्या बरोबरीचे मोजके राहिलेत, दोघांना आता ऐकू येत नाही.

माझ्याकडे फिल्मचे तुकडे जोडायचा पितळी साचा आणि अर्धी जळलेली एक कार्बनची कांडी आहे. लेखकमहाशयांनी यावं, खुणा म्हणजे काय ते दाखवतो. दुपारी दोन ते चार सोडून कधीही.

आपला,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
खणभाग, सांगली