पांबनच्या टपाल तिकिटासाठी कपाट हवे आहे

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या खोलीची भिंत पाझरली. गणपतीनंतर टपाल तिकिटांचा अल्बम उघडला तर पुलांच्या पानावर तपकिरी ठिपके! हावडा ब्रिज आणि विद्यासागर सेतू वाचले, रामेश्वरला जोडणाऱ्या पांबनच्या समुद्रपुलाचे तिकीट मात्र गोंदासकट पानाला चिकटले होते. ते चिमट्याने सोडवताना काकांचा हात थरथरत होता.

हा संच त्यांनीच दिलेला. १७ ऑगस्ट २००७ ला चार पुलांची तिकिटे निघाली, तेव्हा काका हेडपोस्टाच्या खिडकीशी सकाळपासून उभे होते. चौथा महात्मा गांधी सेतू. चारांत रेल्वेचा पूल एकच, आपला पांबन. पैशांचे विचारले तर काका रागावले होते! प्रभात रोडच्या वहिनींनी यजमानांची कात्रणांची वही दिली. १९६४ च्या डिसेंबरातले ते वादळ, वाहून गेलेली धनुष्कोडीची गाडी, आणि अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिलेला पूल, सगळे त्यात आहे. कर्वेनगरच्या एका विद्यार्थ्याने जहाजासाठी उघडणारा मधला गाळा पुठ्ठ्याचा करून दिला. प्रदर्शनात शाळेची मुले तो वरखाली करताना हलायला तयार नव्हती. खरा गाळाही माणसेच दांडे फिरवून उघडत, हे ऐकून तर त्यांचे डोळे विस्फारले. या तिघांचे ऋण मंडळ विसरणार नाही.

त्या दिवशी फोटो काढायला गर्दी होती. नंतर कपाटासाठी हाक दिली तेव्हा देणगीची सहाच पाकिटे आली. मनाला लागले, म्हणून लिहितो.

१९१४ पासून समुद्र झेलणाऱ्या त्या पुलावरची गाडी डिसेंबर २०२२ मध्ये थांबली. एप्रिल २०२५ पासून शेजारच्या नव्या पुलावरून गाड्या जातात. जुन्या पुलावरून गाडीने जाणे आता कुणाच्याच नशिबी नाही. निदान त्याचे तिकीट तरी आपल्या हातून बुरशीला जाऊ नये.

स्टीलचे कपाट, पारदर्शक माउंट, आम्लरहित पाने, ओल शोषणारे सिलिका जेल मिळून खर्च ३२,००० रुपये, हाती ९,०००. मृगाआधी हवे. रोख किंवा चेक (मंडळाच्या नावे), पावती लगेच. खोलीवर सायंकाळी ५ ते ७, रविवारी बंद. पांबनचे जास्तीचे प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाले त्या दिवशीचा शिक्का असलेले पाकीट) किंवा मीटरगेजच्या काळातले रामेश्वरचे रेल्वे तिकीट कुणाकडे असेल तर तेही आणा, पण कृपया प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

आपला,
चिटणीस