‘ठसे मिळाले नाहीत’ म्हणजे नक्की काय?

मा. संपादक,

गुन्ह्याच्या बातम्यांत ‘घटनास्थळी बोटांचे ठसे मिळाले नाहीत’ असं वाक्य नेहमी येतं आणि वाचणारा लगेच धरून चालतो की चोराने हातमोजे घातले असणार. तसंच असेल असं नाही हो. बरेचसे ठसे डोळ्याला दिसतच नाहीत, नुसता घाम आणि तेलकटपणा असतो तो, आणि वस्तू कसली आहे, भिजली होती का, तिच्यावर आधी कुठली पद्धत वापरली यावर सगळं अवलंबून असतं.

सिरियलमध्ये ब्रशने पावडर मारली की ठसा हजर! काचेवर, स्टीलवर ताजा ठसा असेल तर पावडर छान काम करते, पण कागदात घाम मुरतो, तिथे निनहायड्रिन नावाचं केमिकल लागतं. ते घामातल्या अमिनो आम्लांना धरतं आणि बोटाच्या रेषा हळूहळू जांभळ्या उमटायला लागतात, गरम आणि दमट हवा दिली तर लवकर, नाहीतर कधीकधी काही दिवससुद्धा लागतात. हे केमिकल रूहेमान या रसायनशास्त्रज्ञांनी 1910 मध्ये शोधलं आणि ठशांसाठी वापरायचं सुचायला 1954 उजाडलं, मला तर याचं फार नवल वाटतं.

आता तोच कागद पावसात भिजला असेल तर अमिनो आम्लं धुऊन गेलेली असतात, मग निनहायड्रिन कितीही मारा, काही दिसणार नाही. तिथे फिजिकल डेव्हलपर नावाचं चांदीचं द्रावण वापरतात, त्यातली चांदी पाण्यात न विरघळणाऱ्या चरबीवर बसते. पण कागद कोरडा असेल तर हे आधी करून चालत नाही, कारण त्या द्रावणातच अमिनो आम्लं निघून जातात आणि निनहायड्रिनचा चान्स गेला तो गेलाच. प्लास्टिकच्या पिशवीला सुपरग्लूची वाफ देतात, बंद पेटीत साधारण 80 टक्के आर्द्रता ठेवून ग्लू तापवला की रेषांवर पांढरा कडक थर बसतो.

आणि प्लीज एवढंही छापा की वस्तू रुमालात धरून उचलली तरी ठसा पुसला जातो, आपला ठसा उमटला नाही म्हणजे काम झालं असं नाही, पोलीस येईपर्यंत हातच लावू नये.

तुमच्या बातमीदारांनी पुढच्या वेळी ‘ठसे मिळाले नाहीत’ लिहिताना ते कशावर शोधले, वस्तू ओली होती का, आधी कोणी हाताळली होती का, एवढं तरी तपास अधिकाऱ्यांना विचारून लिहावं ही विनंती.

— एक नियमित वाचक