नर्सबाई, तुम्ही आण्णांच्या ताटातली भाकरी खाल्लीत

नर्सबाईंना सादर नमस्कार,

तुमची बदली झाली हे मला उशिरा कळलं. उपकेंद्राला कुलूप दिसलं म्हणून विचारलं, तर आशाताई म्हणाल्या, "त्या कधीच्याच गेल्या." निरोपाचा साधा चहासुद्धा राहिला. म्हणून हे चारचौघांत लिहू लागलोय. तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल, आमच्या पाथरी तालुक्यातल्या चार लोकांनी तरी वाचावं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, आषाढात कावीळ दिसली. एका दवाखान्यात तीन आठवडे सलाईनवर सलाईन लावल्या, लिव्हरच्या औषधाच्या बाटल्या संपल्या. चुलतीनं काविळीची माळ आणून घातली. माळ लांबत लांबत खाली आली की कावीळ उतरते म्हणे. माळ बेंबीपर्यंत आली, आण्णा मात्र हळदीसारखे पिवळेच. लघवी काळ्या चहासारखी, संडास पांढऱ्या मातीसारखी, रात्रभर अंग खाजवून खाजवून कातडी सोललेली. यातलं एक अक्षर त्या डॉक्टरांनी विचारलं नाही. सोनोग्राफी करा असं शेवटी माझ्या मेव्हण्यानं सांगितलं, आणि तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आहे! पित्ताच्या मुख्य नळीत खडा निघाला.

पुढं संभाजीनगरला दुर्बिणीतून खडा निघेना. आत पू झालेला. म्हणून बरगड्यांमधून लिव्हरमध्ये नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढलं. तिथल्या डॉक्टरांनी जीव वाचवला, ते नाकारत नाही. पण सुट्टी देताना हातात ठेवलेलं कार्ड सगळं इंग्रजीत. पिशवी कुठं अडकवायची, आंघोळ कशी घालायची, विचारलं तर उत्तर एकच, "सगळं लिहिलंय." लिहिलं होतं हो. वाचणार कोण?

आण्णा घरी आले आणि घराला कुणीतरी कुंपण घातल्यासारखं झालं. कावीळ लागते म्हणून शेजारच्यांनी पोरं पाठवायचं बंद केलं. चुलती दारातूनच विचारपूस करायची, चहा ठेवला की "आत्ताच घेतला" म्हणायची. आमच्या घरातही काय वेगळं होतं? आण्णांचं ताट, तांब्या, कप वेगळे काढले होते. मीच काढले होते, खोटं कशाला बोलू. आण्णा ओसरीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून जेवायचे. पिशवीवर टॉवेल टाकायचे.

आणि तुम्ही आलात. मंगळवार होता, तुमचं लसीकरण उरकलेलं, स्कूटीच्या मागं डबा बांधलेला. कुणी बोलावलं नव्हतं. मोरीवर जाऊन कोपरापर्यंत साबणानं हात धुतलेत. पिशवी बघितली, पट्टी बदललीत, पुन्हा हात धुतलेत. तेवढ्यात आईनं आण्णांना ताट वाढलं. तुम्ही बाजेच्या कडेला टेकलात, आण्णांच्या ताटातल्या भाकरीचा चतकोर मोडलात, वरणात बुडवलात आणि तोंडात टाकलात. "वहिनी, ज्वारी घरची का हो? गोड लागू लागली," एवढंच म्हणालात.

आई तव्याजवळ तशीच बसून राहिली. आण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं.

मग तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंत, कारण चुलती दारात उभीच होती. "पाण्यातून पसरते ती कावीळ वेगळी. ही दगडाची. कालव्याच्या चारीत धोंडा अडकला की पाणी फुटून वावरात पसरतं, तसं यांचं पित्त रक्तात पसरलं होतं. ह्यांच्या ताटातून कुणाला काय लागणार?" जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली जन्म गेलेल्या माणसांना यापेक्षा सोपं कोण सांगणार होतं!

बाकी जे शिकवलंत ते घराला पाठ आहे. पिशवी नळीच्या तोंडापेक्षा कायम खाली. पट्टी कोरडी. रोज सकाळी पित्त मोजून कॅलेंडरवर आकडा. एवढं पित्त रोज बाहेर जातंय म्हणजे अंगातलं मीठ-पाणीही जातंय, म्हणून काय काय पाजायचं. आणि थंडी वाजून ताप आला किंवा पिशवीत रक्त दिसलं तर "मला फोन करत बसू नका, गाडी काढा."

तरी मी फोन केलाच, रात्री दोनला. रोज साडेचारशेच्या आसपास भरणारी पिशवी रिकामी होती. माझं पाणी पाणी झालं. तुम्ही झोपेतल्या आवाजात विचारलंत, "ताप आहे का? पोट दुखतंय का?" नाही म्हटलं. "मग नळी कुठं दबली का बघा." नळी आण्णांच्याच कुशीखाली, गोधडीत मुडपलेली! सरळ केली तर धार लागली. तुम्ही हसलात, ओरडला नाहीत. दवाखान्याच्या नंबरवर आधी दोनदा लावला होता, तिथून कळलं होतं, "सकाळी ओपीडीत या."

सरकारी माणूस म्हटलं की आम्ही नाक मुरडतो. मीही मुरडत आलोय, पीक विम्याच्या खिडकीवर उभं राहिलं की अजून मुरडतो. पण आण्णांच्या पिशवीचं काम तुमच्या कुठल्या रजिस्टरात बसत होतं? पाच आठवडे एक दिवसाआड येत होतात. पेट्रोलचे पैसे पुढं केले तर आईच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तेवढी घेतलीत.

दुसऱ्या वेळी दुर्बिणीतून खडा निघाला. आत स्टेंट, म्हणजे पित्ताची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, बसवला, बाहेरची नळी काढली. तीन महिन्यांत स्टेंट काढायचाच, विसरायचा नाही, असं तुम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून गेला होता. काढला. आण्णा आता वावरात जातात. संडासचा रंग बदलला त्या दिवशी त्यांनी पारावर बसून ते सगळ्यांना सांगितलं, त्याची लाज आम्हाला अजून वाटते.

हुरडा सुरू झालाय. या. तुमच्या नव्या गावाहून लांब पडत असेल तर मी न्यायला येतो. चुलतीलाही बोलावलंय. तिला आण्णांच्या शेजारीच बसवणार आहे, आणि हुरड्याला ताट एकच ठेवणार आहे.

तुमचा,
आण्णांचा थोरला